किल्लीवालीचं पेट्रोल

बाजाराच्या गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याचा खोका होता. खोका कसला, उभं कपाटच म्हणा ना. आत एक माणूस बसला की दुसऱ्याला शिंकायचं असेल तर त्यानं बाहेर जाऊन शिंकावं, एवढीच जागा. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे घोस, पुढ्यात किल्ली कापायचं मशीन, डाव्या हाताला कानशी, आणि उशी बांधलेल्या स्टुलावर ती. पाटीवरची अक्षरं उन्हानं कधीच खाऊन टाकली होती, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. साऱ्या बाजाराला ती किल्लीवाली म्हणूनच ठाऊक होती.

धंदा बापाकडून आलेला. बापाला मुलगा नव्हता, आणि कुणी त्याबद्दल हळहळायला आलं की बाप म्हणायचा, "कुलपाला काय कळतंय, हात पोराचा की पोरीचा?" पोरीनं बापाचं नाव राखलं. गिऱ्हाईक किल्ली हरवल्याचं रडगाणं गात असे तोवर तिची अर्धी किल्ली घासून झालेली असे. वर तोंडाचा पट्टा चालूच. "पुन्हा हरवलीत? आता गळ्यात बांधा, पोरांच्या पाण्याच्या बाटलीसारखी." लोक हसत, पैसे देत आणि पुन्हा किल्ली हरवली की तिच्याकडेच येत.

एका बाबतीत मात्र ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. डुप्लिकेट करायला कुणी किल्ली पुढे केली की पहिला प्रश्न, "किल्ली कुणाची?" उत्तर देताना माणूस अडखळला की संपलं. एकदा एक गोड बोलणारे गृहस्थ साबणाच्या वडीवर उठवलेला किल्लीचा ठसा घेऊन आले, म्हणाले, दुप्पट देतो. तिनं वडी उलटीपालटी करून बघितली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. "हा अंगाला लावा. तेवढीच स्वच्छता." शेजारच्या खोक्यातला घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच खदखदून हसला होता, आणि पुढे कितीतरी वर्षं तो हा किस्सा येणाऱ्याजाणाऱ्याला मीठमसाला लावून सांगत असे.

नवरा पेट्रोलच्या टँकरवर ड्रायव्हर होता. डेपोतून टँकर भरायचा आणि गावोगावच्या पंपांवर रिकामा करायचा. महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. उंच, अबोल, शर्टाच्या खिशाला कायम एक पेन अडकवलेलं, कारण टँकर रिकामा केला की सही करावी लागे आणि दुसऱ्याच्या पेनानं सही करणं त्याला आवडत नसे. घरी आला की तिला रस्ते सांगायचा. दुसऱ्यांचे नवरे काय काय सांगत असतील देव जाणे, हा सांगायचा की अमुक पंपावर पाणी गोड आहे, तमुक पंपाच्या वळणावर सकाळी धुकं असतं, घाटमाथ्यावरच्या पंपावर कुत्री फार. ती गावाबाहेर फारशी कधी गेलीच नव्हती. तिच्या लेखी जग म्हणजे एकापुढे एक असे पेट्रोलपंप होते.

मुलगा एकच. लहानपणी एका जागी बसायचा नाही म्हणून घरात आणि गल्लीत त्याचं नाव भिंगरी पडलं. आई किल्ली घासत असली की खोक्याच्या पत्र्यावर बोटांनी ताल धरायचा आणि तिनं डोळे वटारले की आणखी जोरात धरायचा. कामाला लागला तेव्हा मायलेकांनी मिळून बँकेत एक खातं उघडलं. कार्ड त्याच्या खिशात, कागद आईच्या पत्त्यावर. जुनी का होईना, एक मोटारसायकल त्यानं घेतली. बापानं त्याला एकच धडा शंभरदा दिला होता, "निघायचं तर टाकी फुल्ल करून निघायचं. अर्धी टाकी म्हणजे अर्धी अक्कल."

मग बापाला अपघात झाला. उजवा पाय कायमचा ओढायला लागला आणि टँकर सुटला. आपली जागा पोराला मिळावी म्हणून, ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती, तो मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला. मालकानं शब्द राखला. पोरगा टँकरवर चढला आणि पहिल्याच आठवड्यात, भरला टँकर वाटेतल्या एका पंपावर लावून, किल्ली तिथल्या मॅनेजरच्या हातात देऊन, कुणाच्या तरी गाडीत बसून घरी परत आला.

"आत पेट्रोल हिंदकळतं ना, तेव्हा मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं," तो आईला म्हणाला. "आई, मला नाही जमणार गं. मी मरेन, नाहीतर कुणाला तरी मारेन."

आईला ते पटलं होतं. पण बाप दारात उभा होता आणि त्यानं ऐकलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाचा राग ओरडण्यात निघून जातो. तो हळूच म्हणाला, "भरली गाडी रस्त्यात सोडणारा माणूस माझा कुणी लागत नाही." दुसऱ्या दिवशी ती खोक्यावर असताना तो मोटारसायकल घेऊन निघून गेला. 'काळजी करू नकोस, नीट बसलो की कळवतो' एवढं लिहिलेला कागद तिच्या डब्याखाली ठेवून. फोन बंद. चौकीत गेली तर तिथले म्हणाले, बाई, पोरगा सज्ञान आहे, चिठ्ठी ठेवून आपल्या पायांनी गेलाय, आम्ही काय करणार? मित्रांना विचारलं, ओळखीच्यांना विचारलं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

किल्लीवालीचं तोंड बंद झालं. गिऱ्हाइकं किल्ली घेऊन मुकाट जायला लागली. घड्याळवाला आपला अधूनमधून साबणाच्या वडीचा विषय काढून बघायचा. ती हं म्हणायची आणि कानस चालवायची.

पुढच्या महिन्यात बँकेचा कागद आला. त्यात पैसे गेल्याच्या चारदोन ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे कसल्याशा एजन्सीचं लांबलचक, कधी न ऐकलेलं नाव होतं. कागद घेऊन ती घड्याळवाल्याकडे गेली. त्यानं भिंग लावून कागद असा वाचला की जणू त्याचीही स्प्रिंग तुटली होती.

"वहिनी, हे पेट्रोलपंप आहेत," तो म्हणाला.

"पंपाचं नाव असं असतं होय?"

"पाटीवरचं नाव वेगळं, मालकाच्या कंपनीचं वेगळं. माझ्या पाटीवर मी काय लिहिलंय? 'अचूक वेळ'. आणि माझ्याकडे एक तरी घड्याळ बरोबर चालतंय का?" त्यानं बँकेच्या फोनवर विचारून खात्रीही करून घेतली. पंपच होते. एक आपल्याच गावाच्या वेशीवरचा, बाकीचे लांबलांबचे. एकेका ठिकाणी आधी मोठी रक्कम अडकलेली दिसत होती आणि मग थोडीच गेलेली. त्याचाही त्यानं उलगडा केला. "कार्ड घातलं की मशीन आधी अंदाजानं रक्कम धरून ठेवतं. माणूस किती भरेल कुणाला माहीत? मग भरलं तेवढंच कापतं, बाकीचं सोडून देतं. घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरते कसली! ती तिथं भर बाजारात रडायला लागली. पोरगा जिवंत होता. फिरत होता, पेट्रोल भरत होता. वेशीवरच्या पंपावर तर त्यानं, ज्या दिवशी गेला त्याच दिवशी, टाकी फुल्ल केली होती. बापावर रागावून गेला, पण बापाचं ऐकून गेला.

त्यानंतर महिना म्हणजे तिच्या लेखी दोनच गोष्टी होत्या, कागद येण्याआधीचे दिवस आणि कागद आल्यानंतरचे. तिचं तोंड पुन्हा चालू झालं. "किल्ली कुणाची?" पुन्हा पूर्वीच्या जरबेनं विचारलं जाऊ लागलं. घड्याळवाला दर वेळी प्रत्येक ओळीपुढे पंपाचं गाव लिहून द्यायचा. संध्याकाळी चहाच्या वेळी ती कागद उलगडायची आणि स्वतःशीच वाचतेय असं दाखवत मोठ्यानं वाचायची. नवरा खिडकीशी काहीतरी दुरुस्त करत बसलेला असायचा. मान वर करायचा नाही. मुलाचं नाव घरात निघत नव्हतं, आणि काढायची तिची छाती नव्हती. पण एकदा एका पंपाचं गाव ऐकून तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिथलं पाणी गोड आहे."

तिनं पुढची ओळ जरा हळू वाचली. पुढच्या महिन्यात तो पुन्हा एकदा बोलला, "त्या वळणावर धुकं असतं. सकाळी जाऊ नये." बस्स, त्या घरात बापलेकांचं बोलणं ते असं सुरू झालं. मधे पंप, मधे आई, आणि दुसऱ्या टोकाला नुसती एक ओळ.

पैसे मात्र संपत आले. खात्यात तो काही भरत नव्हता, आणि भरणार कुठून, नोकरी लागली असेल नसेल. खातं रिकामं झालं तर? पोरगा आडरस्त्याच्या पंपावर कार्ड घालील आणि मशीन नाही म्हणेल. मागून गाड्या हॉर्न वाजवतील. तो लाजून गाडी ढकलत बाजूला घेईल. हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं खोका उशिरापर्यंत उघडा ठेवायला सुरुवात केली, बाजारातल्या लोखंडी शटरांची कुलपं दुरुस्तीला घेतली, आणि जे मिळेल ते खात्यात नेऊन टाकू लागली. शटरांच्या कुलपांवर वाकून वाकून पाठ धरली, तरी टाकतच राहिली.

अशातच एका कागदावर एकाच तारखेला दोन पंप आले. तिनं वाचलं, "बंदराच्या गावचा. आणि घाटमाथ्यावरचा, त्याच दिवशी."

नवरा किटलीची कडी बसवत होता. थांबला. "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. "केवढा फिरतोय बघा! एका जागी बसेल तर शपथ," ती हसून म्हणाली. "पैसेच संपत आलेत हो. संपले तर अडकून पडेल कुठंतरी. मला तर रात्रंदिवस तेच दिसतं."

तो उठला. चहा तसाच ठेवून, पाय ओढत बाहेर गेला आणि अंधार पडता पडता परत आला. तिला वाटलं, पोराची आठवण झाली असेल. बापाचंच काळीज आहे शेवटी. तिनं विचारलं नाही.

पुढच्या कागदावर एक नवलच दिसलं. खात्यात पैसे भरल्याची ओळ होती. तिनं भरलेले सोडून आणखी. त्याच्या पुढच्या कागदावरही तशीच. तिला आभाळ ठेंगणं झालं. "पोरगा नोकरीला लागला!" तिनं घड्याळवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, किल्ली न्यायला आलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो नुसता, "बरं झालं," म्हणाला. इतके दिवस धुमसत होता, आता निवळला, असं तिला वाटलं. ती वर्षभर सुखात होती. खोटं कशाला बोला, तिच्या लग्नानंतरचं सगळ्यात सुखाचं वर्ष ते असेल.

मग एका सकाळी तिच्या फोनवर बँकेचा निरोप आला की संशयास्पद वापरामुळे तुमच्या खात्याचं कार्ड बंद करण्यात आलं आहे.

तिनं मशीन बंद केलं, खोक्याला कुलूप घातलं आणि भर बाजाराच्या वेळी तरातरा बँकेत गेली. काउंटरवर चष्मा लावलेली एक मुलगी होती. किल्लीवालीनं रांग-बिंग काही बघितली नाही.

"आधी ते कार्ड चालू कर," ती म्हणाली. "माझा पोरगा आत्ता कुठल्या पंपावर उभा असेल, काही कळतंय का तुम्हा लोकांना? संशय कसला घेता? त्याचं कार्ड आहे, तो वापरतोय. आईनं कधी तक्रार केली का?"

"काकू, बसा," चष्मेवाली म्हणाली. तिनं काउंटर दुसऱ्याकडे सोपवलं, किल्लीवालीला आतल्या टेबलाशी नेलं, पाणी दिलं. मग सगळे महिने छापून काढले आणि टेबलावर पसरले. "तुमचा मुलगा कधीपासून बाहेर आहे?"

तिनं सांगितलं. मुलीनं पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "वेशीवरचा हा पंप. हे त्यानं भरलंय. हे खरंय. कार्डात चिप असते ना, ती इथं वापरलीय." मग तिनं बोट पुढच्या कागदांवरून शेवटापर्यंत फिरवलं. "यानंतर ती चिप कुठंच वापरलेली नाही, काकू. त्या पंपाच्या मशीनवर कुणीतरी चोरून एक यंत्र बसवलं होतं. तिथं बऱ्याच लोकांच्या कार्डांची माहिती उचलली गेली, आता उघडकीला आलंय. बाकीचं हे सगळं दुसऱ्याच कुणीतरी केलंय. तुमच्या मुलाच्या कार्डाचं डुप्लिकेट करून."

"डुप्लिकेट," किल्लीवाली म्हणाली.

"हो. असले लोक आधी पंपावरच वापरून बघतात. समोर माणूस नसतो, कोण म्हणून कुणी विचारत नाही. थोडं थोडं काढतात, म्हणजे लगेच लक्षात येत नाही. पण पुढेमागे लोकांच्या लक्षात येतंच, ते तक्रार करतात, कार्ड बंद होतं. तुमची तक्रार आलीच नाही, म्हणून इतकं चाललं."

बाईनं आयुष्यभर डुप्लिकेट केली होती. तिला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. एवढंच तिनं विचारलं, "मग ओरिजिनल कुठाय?"

"ते आम्हाला नाही सांगता येणार, काकू."

"म्हणजे तो..."

"यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. त्यानं कार्ड वापरलं नाही, एवढंच."

किल्लीवालीचा हात कागदांवरून फिरत होता. अचानक तिला आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं पण पैसे भरतोय ना तो! चोर कधी पैसे भरतो का? हे बघ, हे बघ, दर महिन्याला. मी भरलेले नाहीत हे."

मुलीनं वाकून पाहिलं आणि तिला ते बघितल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखं दिसलं. "हे इथंच भरलेत, काकू. याच शाखेत. मीच घेतलेत. एक आजोबा येतात, उंच, उजवा पाय ओढत चालतात. आमचं पेन घेत नाहीत, खिशातलं स्वतःचं काढतात." "तुमच्या घरचेच ना? मी एकदा त्यांना म्हटलं होतं, आजोबा, ह्या तारखा-वेळा बघा, सकाळी बंदर आणि दुपारी घाटमाथा, एक माणूस दोन्हीकडे कसा असेल, तक्रार करा. ते म्हणाले, मला ठाऊक आहे बाळ, तू पैसे घे."

बँकेतून ती बाहेर आली तेव्हा भर दुपार होती. पाय सवयीनं खोक्याकडे गेले. कुलूप काढलं, स्टुलावर बसली. घड्याळवाल्यानं मान बाहेर काढली. "काय झालं वहिनी?"

"काही नाही, भाऊजी."

एक तरुण बाई किल्ली घेऊन आली, म्हणाली, डुप्लिकेट पाहिजे. किल्लीवालीनं हात पुढे केला, विचारायला तोंड उघडलं, आणि "किल्ली कुणाची?" हे दोनच शब्द तिला विचारवेनात. तिनं किल्ली परत दिली. "उद्या या, बाई. आज मशीन बिघडलंय."

ती तशीच बसून राहिली. त्याला ठाऊक होतं. ज्या दिवशी 'पुन्हा वाच' म्हणाला, त्या दिवसापासून ठाऊक होतं. उभी हयात त्या रस्त्यांवर टँकर चालवलेला माणूस तो. कुठून कुठं जायला किती वेळ लागतो हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. तिला काय ठाऊक बंदर कुठं आणि घाट कुठं! आपला पोरगा त्या ओळींमध्ये नाही, हे त्यानं एका वाचनात ओळखलं, चहा टाकून बाहेर गेला, कुठंतरी एकटा फिरून आला, आणि पुढच्या महिन्यापासून स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतून एका चोराला पेट्रोल पाजत राहिला. का, तर दर महिन्याला एक ओळ यावी. ती यावी म्हणजे बायको चहा करताना हसेल. आणि वर ती बया त्यालाच सांगत सुटली होती की पोरगा नोकरीला लागला! बरं झालं, म्हणाला होता तो. रडावं की स्वतःचीच कानशिलं लाल करावीत, हे तिला कळेना. बाजारात नको म्हणून ती रडली नाही.

घरी आली तेव्हा तो खिडकीशी बसला होता. तीच किटली, तीच कडी. महिन्याला एकदा ती निघायचीच. तिनं पिशवी खुंटीला अडकवली. बँकेचे कागद पिशवीतून अर्धे बाहेर डोकावत होते. त्यानं ते पाहिले आणि पुन्हा स्क्रूकडे बघितलं. तिनं दुसऱ्या भांड्यात चहा टाकला, कप त्याच्यापुढे ठेवला, समोर बसली.

"आज लवकर आलीस," तो म्हणाला.

"मशीन बिघडलं."

"बघू का येऊन?"

"नको. होईल नीट." तिनं कप हातात धरला, प्याली नाही. मग म्हणाली, "अहो."

"हं."

"बंदराच्या पंपावरून घाटमाथ्याच्या पंपावर जायला किती वेळ लागतो हो?"

स्क्रूवर फिरणारा हात थांबला. "कशाला?"

"सहज विचारलं."

"टँकरला म्हणतेस?" तो खिडकीबाहेर बघायला लागला. "भरल्या टँकरला दीड दिवस. रस्ता चांगला असेल तर."

"आणि मोटारसायकलला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. या माणसानं आयुष्यात कधी अंतराबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. तीन तासांच्या रस्त्याला तो कधी पावणेतीन म्हणाला नव्हता. दोघांनाही एकमेकांच्या डोळ्यांत सगळं दिसत होतं. आता तो सांगेल, आणि मग दोघं मिळून रडतील, असं तिला वाटलं. त्याचे ओठ हलले. पण त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "लवकर पोचतो. आपला पोरगा फार जोरात चालवतो गं."

आपला पोरगा. पोरगा गेल्यापासून हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले होते.

तिनं पदर डोळ्यांना लावला, पुन्हा नीट घेतला, आणि कप खाली ठेवला.

"मग तुम्ही सांगा त्याला," ती म्हणाली. "हळू चालव म्हणावं."

"सांगतो," तो म्हणाला.